माझ्या मापाचा दांडा

कुऱ्हाडीला दांडा बसवून माणूस घर चालवू शकतो, हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. लग्न ठरवताना मध्यस्थाने ‘मुलगा मस्कतला असतो, ऐतिहासिक वस्तूंच्या कामात’ असं सांगितलं होतं. सासऱ्यांनी टाय लावलेला जावई डोळ्यांपुढे आणला. प्रत्यक्षात उभा राहिलो तो मी, केसांत लाकडाचा भुसा घेऊन. लग्नाच्या फोटोत तो भुसा अजून दिसतो. नातेवाईक अक्षता समजतात, मीही दुरुस्ती करत नाही.

हा मजकूर मी सांगतोय आणि माझी मुलगी तन्वी टाइप करतेय. तिचं मराठी चालतं, पण जुन्या स्कूटरसारखं मध्येच बंद पडतं. आत्ताच तिने विचारलं, ‘बाबा, पाचर मीन्स?’ मी स्वतः लिहीत नाही, कारण गेल्या हिवाळ्यापासून माझा उजवा हात थरथरतो. दांडे करणाऱ्याचा हात थरथरणं म्हणजे गवयाचा घसा बसणं. डॉक्टरांनी वय, चहा आणि ताण अशी तीन कारणं सांगितली. माझ्याकडे चौथं आहे, ते मी दवाखान्यात सांगितलं नाही. आमच्या घरात माझी ख्याती अशी की भावजींनी सांगितलेली गोष्ट अर्धी करून घ्यावी. माझ्या वहिनींचं हे गणित बरोबर असतं. ही एक गोष्ट मात्र मी स्वतः अर्धी करून बघितली. ती लहान होत नाही.

आधी धंदा समजून घ्या. आमचं वर्कशॉप अझैब्याला, जुन्या विमानतळाच्या अंगाला. अर्बाब, म्हणजे मालक, ओमानी. कामाला आम्ही दोघे. लोखंडाचं काम दाऊदभाई बघतात, ते रत्नागिरीकडचे. लाकडाचं मी. लोकांच्या घरातली जुनी हत्यारं, पेट्या, खंजिरांच्या मुठी आमच्याकडे येतात. पातं शेकडो वर्षं टिकतं. लाकडाला वाळवी लागते, तडा जातो, ते नातवंडांच्या खेळात मोडतं. मग माणूस पातं कापडात गुंडाळून आणतो आणि म्हणतो, आजोबांच्या वेळी होतं तसं करून द्या. आजोबा आम्ही पाहिलेले नसतात. तरी करून देतो.

दांड्याचं शास्त्र मला वडिलांनी शिकवलं. आमचं गाव संगमेश्वराकडचं. आबा गावाच्या कुऱ्हाडी-कुदळींना दांडे बसवायचे. कुऱ्हाडीच्या भोकाला आम्ही नेढं म्हणतो. दांड्याचं टोक त्यात घट्ट बसवायचं आणि वरून लाकडाची पाचर ठोकायची, की टोक आतल्या आत फुगतं आणि पातं उडत नाही. तन्वी, ही पाचर. आबांची एक शिस्त होती. गिऱ्हाइकाला समोर उभं केल्याशिवाय दांडा करायचा नाही. हनुवटी कुठे येते, हात किती लांब, मुठीत किती मावतं, सगळं त्याच्याच अंगावर मोजायचं. आबा म्हणायचे, ‘ज्याचं माप, त्याचाच हात. माप एकाचं आणि हत्यार दुसऱ्याच्या हातात गेलं, तर पहिला हात देऊन बसतो.’ म्हणून आमच्याकडे कुऱ्हाड कुणी उसनी देत नसे. माणूस गेला की दांडा काढून चुलीत घालायचे, पातं तेवढं ठेवायचं आणि मुलाच्या मापाचा नवा दांडा करायचा. मी शहाणा झाल्यावर याचा अर्थ लावला: लोकांनी हत्यारं उसनी देऊन मोडून आणू नयेत, म्हणून घातलेली भीती. अर्थ अगदी चोख होता. मी लावलेले अर्थ चोखच असतात.

हे फक्त आमच्याच गावचं खूळ नाही, हे मला इथे एका गिऱ्हाइकाने दाखवलं. ओमानच्या उत्तर टोकाला मुसंदमचे डोंगर आहेत. तिथले पुरुष हातात काठी बाळगतात, तिच्या टोकाला मुठीएवढी छोटी कुऱ्हाड असते. तिला जर्झ म्हणतात. एक म्हातारे गृहस्थ असं एक टोक घेऊन आले, मुलगा बरोबर. मी काही विचारायच्या आत म्हातारे भिंतीला पाठ लावून ताठ उभे राहिले, हात खाली सोडला आणि म्हणाले, ‘यल्ला, माप घे.’ मुलगा म्हणाला, ‘बाबा, ती दिवाणखान्यात टांगायची आहे.’ म्हातारे त्याच्याकडे न बघता म्हणाले, ‘मग भिंतीचं माप देऊ का याला?’ मला आबा आठवले. हसूही आलं. ते हसू नंतर महागात पडलं.

मॅकसाहेब आले ते मागच्या वर्षी, उन्हाळा उतरताना. नाव मोठं होतं, आमच्या तोंडात मॅक एवढंच बसलं. स्कॉटलंडचे. तेलाच्या नोकरीत आले आणि इथेच म्हातारे झाले. मस्कतच्याच मदिनत सुलतान काबूस वस्तीत घर, बायको वारलेली, मूलबाळ नाही. बोलणं आमचं मोडक्या हिंदीत आणि त्याहून मोडक्या इंग्रजीत. इथे मी मराठीत सांगतोय म्हणून ते सुसंस्कृत वाटेल. दोन्ही हात थरथरायचे. ते हात त्यांनी कोटाच्या खिशात घातले होते, मस्कतच्या त्या उकाड्यात कोट. नंतर लक्षात आलं, कोट खिशांसाठीच होता.

दाऊदभाईंनी कापड सोडलं. आत कुऱ्हाडीचं पातं. मी आयुष्यात असं पातं पाहिलं नव्हतं. वीतभराहून रुंद, खाली-वर दोन शिंगांसारखी टोकं, आणि पातळ! आपली लाकूडतोडी कुऱ्हाड पाचरीसारखी जाड असते, कारण तिला लाकूड फाडायचं असतं. ही सुरमई कापायच्या कोयत्यासारखी पातळ होती.

‘लाकडासाठी नव्हेच ही,’ मॅकसाहेब म्हणाले.

त्यांच्याकडच्या पश्चिमेच्या बेटांवरचे लोक मध्ययुगात अशा कुऱ्हाडी घेऊन पायी लढायचे. चिलखतवाला सरदार घोड्यावर, आणि हा खाली जमिनीवर. थडग्यांच्या दगडांवर त्यांच्या आकृती कोरलेल्या आहेत, त्यांचे फोटो साहेबांनी दाखवले. दांडा माणसाच्या हनुवटीपर्यंत. दोन्ही हातांनी धरायची, म्हणून हातात ढाल नाही. वार अडवायचा तर दांड्यावरच. त्यांच्या एका राजाची गोष्टही त्यांनी सांगितली. मोठ्या लढाईच्या तोंडावर शत्रूचा सरदार भाला घेऊन अंगावर आला. राजाने घोडा बाजूला घेतला आणि एका घावात शिरस्त्राणासकट डोकं फोडलं. मंडळी रागावली, जिवाशी काय खेळता म्हणून. राजाला वाईट वाटलं ते एवढंच, की चांगल्या कुऱ्हाडीचा दांडा मोडला.

‘बरोबर आहे,’ मी म्हणालो. ‘डोकी मिळतात. दांडा मिळत नाही.’

साहेब इतके हसले की हात खिशातून बाहेर आले. मग त्यांनी मागणी सांगितली. पातं त्यांच्या घराण्यातलं. लहानपणी आजोबांनी एकदा हातात दिलं होतं, त्यानंतर ते पेटीतच राहिलं. ही कुऱ्हाड चालायची कशी, हे त्यांनी जन्मभर वाचलं. चालताना पाहिली नाही. आता दांडा बसवायचा आणि कुणीतरी ती हवेत फिरवून दाखवायची. नंतर ते कायमचे परत जाणार होते.

‘माप कोणाचं घेऊ?’ मी विचारलं.

‘माझं काय घेतोस? मला तर चमचा धरवत नाही.’ त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. ‘ती माणसं काही उंच नव्हती. तुझ्याएवढीच. फिरवणार पण तूच. तुझंच घे, उस्ताद.’

उस्ताद म्हटलं की मी विरघळतो. सुमन, माझी बायको, ही गोष्ट भाजी आणायला पाठवताना वापरते. मी स्वतःच्या हनुवटीपर्यंत पट्टी धरली आणि खूण केली.

लाकूड त्यांच्या देशातून आलं. अ‍ॅश म्हणतात, आपल्या धामणीच्या लाकडासारखं, वाकतं पण तुटत नाही. काम मी दुपारी करायचो. इथे एक ते चार सगळा बाजार बंद असतो. माझं घर अल अमेरातला, डोंगरापलीकडे. जाऊन यायला परवडत नाही, म्हणून मी वर्कशॉपमध्येच थांबतो. भुतं रात्री निघतात असं मानणाऱ्याने मस्कतची उन्हाळी दुपार बघितलेली नाही. पांढरं ऊन, रस्त्यावर सावलीसुद्धा नाही, शटरं खाली. एसीच्या घरघरीमागे इतकी शांतता की रंध्याखालून निघणारी ढलपी जमिनीवर पडल्याचा आवाज होतो.

दांडा बसला, पाचर ठोकली, आणि मी कुऱ्हाड कोपऱ्यात टेकवून ठेवली. पातं भिंतीकडे, ही शिस्त. डबा खाऊन वळलो तर धार माझ्याकडे. मी पुन्हा फिरवली. दुसऱ्या दिवशी आलो तर पुन्हा माझ्याकडे.

दाऊदभाई म्हणाले, ‘काय रे, ही तुझ्याचकडं बगतेय सारखी?’

‘धारेकडचं वजन जास्त आहे भाई, एसीच्या हादऱ्याने दांडा फिरतो,’ मी खुलासा केला.

‘मंग माझ्याकडं का नाय फिरत?’ असं म्हणून त्यांनी आपलं स्टूल दाराजवळ नेलं. खुलासा बरोबरच होता. पण मी डब्याला बसायची जागा बदलली, आणि धार तिकडे वळली.

फिरवायला साहेबच शिकवत. संध्याकाळी त्यांच्या बागेत ते खुर्चीत बसायचे, मी हिरवळीवर. डावा पाय पुढे, गुडघे सैल, हातांत अंतर. डोक्यावरून लाकूड फोडल्यासारखी आणायची नाही, तोवर समोरचा तुम्हाला भोसकून जातो. ती थांबवायची नाही, वळवायची. घाव चुकला तर चुकू द्यायचा आणि त्याच वेगात कडेने फिरवून पुन्हा आणायची. वरचा हात घसरता ठेवायचा, मारताना तो खालच्या हाताजवळ येतो आणि दांड्याची सगळी लांबी वापरली जाते. सुरुवातीला मी जास्वंदीचं एक झुडूप गारद केलं. पन्नाशीच्या जवळ आलेला, पोट सुटलेला कोकणी माणूस मस्कतमध्ये स्कॉटिश युद्धकला शिकतोय, हे दृश्य पलीकडच्या गच्चीवरच्या बाईंनी फोनवर घेतलं असणार.

एका संध्याकाळी घाव पुढे गेला आणि माझे हात आपोआप खाली झुकले. कुऱ्हाडीचं खालचं शिंग कशात तरी अडकवल्यासारखं करून मी ती जोरात मागे ओढली. का, ते मला कळलं नाही.

साहेब खुर्चीत पुढे सरकले. ‘हे तुला कोणी शिकवलं?’

‘तुम्हीच ना?’

‘मी नाही. ढालीची कड धरून ओढायची, किंवा घोट्यामागे घालून माणूस पाडायचा, तो हा डाव. तो उद्या सांगणार होतो.’

बागेत तेव्हा वारा नव्हता. मला त्या ओढीत काहीतरी जड आल्याचं स्पष्ट जाणवलं होतं.

घरीही फरक पडला असावा. तन्वी म्हणाली, ‘बाबा, तू असा का उभा राहतोस? लाइक कोणीतरी येणार आहे.’ मी ओट्यापाशी चहा गाळत होतो. डावा पाय पुढे, गुडघे सैल.

शेवटच्या दिवशी मी पूर्ण डाव करून दाखवला. कुऱ्हाड एकदाही थांबली नाही. खलास झालं तेव्हा मी घामाने भिजलो होतो आणि साहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी हात पुढे केले. ‘एकदा धरू दे.’

आबांचं वाक्य आठवलं. पण ज्याच्या घराण्याची कुऱ्हाड, त्याला काय सांगणार? आमच्या गावी उसनी देत नाहीत म्हणून? मी दिली.

त्यांचे हात दांड्यावर आले, आणि थांबले. खोलीतला जुना फ्रिज अचानक बंद पडला की तो इतका वेळ वाजत होता हे कळतं, तसं झालं. ते उठले. डावा पाय पुढे. त्यांनी कुऱ्हाड एकदा कडेने फिरवली, हळू, पण माझ्यापेक्षा नीट. मग ती खुर्चीला टेकवून स्वतःचे हात समोर धरून बघत राहिले. हात हलत नव्हते.

परत येताना गाडीच्या स्टेअरिंगवर माझा उजवा हात थरथरत होता. मी एसी कमी केला.

थरथर थांबली नाही. आधी रंधा वेडावाकडा जायला लागला, मग पाचर ठोकताना हातोडी अंगठ्यावर. दाऊदभाई म्हणाले, ‘तुना काय झालाय? चाय बशीत पितंस की पँटीवर?’ मी विनोद केले. पण मी कोण, हे आजवर माझ्या हातांनीच ठरत आलं आहे. तन्वीचं कॉलेज तोंडावर आणि अर्बाब भला असला तरी अर्बाब. आता मापं मी घेतो आणि रंधा दाऊदभाई मारतात, असं किती दिवस चालणार? शेवटी मी सुमनला सगळं सांगितलं. ती गोष्ट अर्धी करून घेईल असं वाटलं होतं.

तिने पूर्ण घेतली. ‘अहो, तुमचा हात आहे तो. जा आणि घेऊन या. साहेबांना त्यांच्या मापाचा दुसरा दांडा द्या, हा काढून आणा. तुमच्या आबांनीही हेच सांगितलं असतं.’

साहेबांची उंची मला पाठ होती. दाऊदभाईंनी एक शब्द न विचारता रंधा मारला. नवा दांडा गाडीत आडवा टाकून मी मदिनतला गेलो. घरात सगळीकडे बांधलेली खोकी होती; ते दोन दिवसांत निघणार होते. कोट कुठे दिसला नाही. अर्ध्या बाह्यांच्या शर्टात ते स्वतः दार उघडायला आले. मला बसवलं आणि किटलीतून दोन कपांत चहा ओतला. एका धारेत. थेंब बाहेर नाही. ओतताना ते माझ्याकडे बघत होते, किटलीकडे नव्हे.

‘बायको गेल्यापासून पाहुण्याला स्वतःच्या हाताने चहा दिला नव्हता,’ ते म्हणाले. ‘आता रोज संध्याकाळी कुऱ्हाड फिरवतो. तू माझ्यावर काय केलंस, उस्ताद, मला कळत नाही.’

‘दांडा जरा बघतो,’ मी म्हणालो. ‘कोरड्या हवेत आक्रसतो.’

कुऱ्हाड खोक्यांना टेकून उभी होती, धार माझ्याकडे. मी ती हातात घेतली, आणि माझा हात थांबला. इतके आठवडे मी तो विसरलो होतो, स्वतःचा हात. बोटं आपापल्या जागी बसली. एक वाक्य पुरेसं होतं: साहेब, सैल झालाय, वर्कशॉपला नेतो.

मागे बारीक आवाज सुरू झाला. कप बशीवर वाजत होता. टिक, टिक, टिक. मी वळून बघितलं नाही. मग त्यांनी कप बशीसकट टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, आणि कापड घासल्याचा. ते कोटाचे खिसे शोधत होते. अंगात कोट नव्हता.

मी खिशातली हातोडी काढली आणि पाचर आणखी आत ठोकली. तेवढे घाव सरळ बसले. मग कुऱ्हाड त्यांच्या हातात दिली.

‘बरी आहे,’ मी म्हणालो.

चहा मी दोन्ही हातांनी कप धरून प्यायलो. त्यांचं लक्ष माझ्या बशीकडे गेलं, तिच्यात चहा साचला होता.

‘तुमच्याकडे माणूस गेल्यावर हत्याराचं काय करतात?’ त्यांनी विचारलं.

‘दांडा काढून विस्तवात घालतात. पातं ठेवतात.’

‘कोण गेल्यावर? ज्याचं माप तो, की ज्याच्या हातात आहे तो?’

मी बशी उचलून तिच्यातला चहा कपात ओतला.

‘मी पुतणीला सांगून ठेवतो,’ ते म्हणाले. ‘मी गेल्याच दिवशी दांडा विस्तवात. वाट न बघता.’ दारापर्यंत ते सोडायला आले, आणि हात मिळवताना त्यांनी माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. त्यांच्या हातांत तो हलत होता, पाखरासारखा.

नवा दांडा आता आमच्या घरी आहे. सुमन त्याने छतावरची जळमटं काढते. तिची उंची पुरत नाही, दांड्याची पुरते. ती माझ्यावर रागावलेली आहे, पण चहा मात्र मला अर्धा कपच देते, भरलेला नाही.

साहेबांचं पत्र, फोन काही येत नाही. मी वाटही बघत नाही. ते खुशाल आहेत हे मला रोज सकाळी कळतं. कप ओठांशी नेताना थोडा चहा सांडतो, शर्टावर डाग पडतो, सुमन कपाळाला हात लावते, आणि मला बरं वाटतं.

तन्वी इथे टाइप करायची थांबली आहे आणि माझ्या हाताकडे बघते आहे. हलतोय, बाळा. लिही तू.